कारणाचा रकाना

रकानेबुवांवर माझा राग होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढ्या आठवणीने लिहितोय त्या अर्थी मोठा लोभ असणार. लोभही होता. पण राग हिशेबात धरल्याशिवाय त्यांच्याबद्दल काही खरं सांगता येत नाही, आणि खोटं सांगितलेलं त्यांना चाललं नसतं.

त्यांचं मूळ नाव गावात कुणाच्या लक्षात नव्हतं. आमच्या आळीचा पोस्टमन एकदा त्यांचं पाकीट हातात घेऊन त्यांनाच विचारत होता, की या नावाचे गृहस्थ कुठे राहतात. त्यांनी पाकीट उलटसुलट केलं, शिक्का कोणत्या गावचा आणि तारीख कोणती ते बघितलं, आणि मग म्हणाले, "मीच." पोस्टमनला ते पटलं नाही. त्याने मला साक्षीला बोलावलं.

वरच्या आळीत आमचं दोन खोल्यांचं वाचनालय होतं. गावातलं मोठं वाचनालय वेगळं. तिथे कादंबऱ्या होत्या आणि वाचायला माणसंही होती. आमच्याकडे जुनी वर्तमानपत्रं, एक गळकं कौलारू छप्पर आणि रकानेबुवा. मी कचेरीत कारकून होतो. अक्षर बरं म्हणून व्यवस्थापक मंडळाने मला चिटणीस केलं. पगार नाही, मान नाही, वार्षिक अहवाल मात्र मी लिहायचा. रकानेबुवा मला भर रस्त्यातही "चिटणीस" अशी हाक मारत. माझ्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो, तर त्यांनी आधी खालचं छापखान्याचं नाव वाचलं, मग तारीख, आणि सर्वांत शेवटी माझं नाव.

ही खोड त्यांना मुंबईत लागली होती. तिथे ते एका गोऱ्या पेढीत व्यापारी कागद सांभाळायला होते. पहिलं महायुद्ध संपल्यावर चार-पाच वर्षांत ती पेढी बसली, आणि साहेबांनी सगळी पुस्तकं रद्दीत काढायचं ठरवलं. रद्दीवाल्याच्या आधी हे जाऊन उभे राहिले. पुस्तकांची अकरा खोकी करून बोटीने रत्नागिरीला निघाले. खोकी उचलेनात, तेव्हा तिथल्या मांडवी बंदरावर होडीतून माल उतरवणाऱ्या पडाववाल्यांनी आत चांदी असणार असं ठरवून टाकलं, आणि मोठ्या बोटीतून पडावात उतरवताना चांदीच्या आदरापोटी चार जणांनी एकदम हात लावून एक खोकं समुद्रात सोडलं.

उरलेल्या दहांतून आमच्या वाचनालयात व्यापाराचं कपाट उभं राहिलं. कोकणात तसलं दुसरं नव्हतं, हे मी अहवालात दरसाल लिहीत असे. कोणत्या गावात कोण काय विकतो त्याची जाडजूड पुस्तकं, कंपन्यांचे वार्षिक अहवाल, सरकारी आयात-निर्यातीचे तक्ते, जकातीचे दर, बोटींच्या भाड्याची पत्रकं. शिवाय तारेतल्या शब्दांचे पैसे वाचावेत म्हणून व्यापाऱ्यांनी तयार केलेला सांकेतिक शब्दांचा एक कोश होता. "माल भिजला आहे, विमावाल्यांना कळवा आणि पुढचा माल थांबवा" एवढं सगळं त्यात एका शब्दात सांगायची सोय होती. रत्नागिरीत कुणालाच कुणाला इतक्या घाईने काही सांगायचं नसे, म्हणून तो कोश शेवटपर्यंत कोरा करकरीत राहिला.

बुडालेल्या खोक्यात व्यापारी गावांच्या कोशाचे शेवटचे भाग होते. कोश इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने. त्यामुळे आमच्या कपाटातला हिंदुस्थान मद्रासच्या अलीकडेच संपत असे. कुणी पुण्याचा कागदवाला विचारला, की हे शांतपणे म्हणत, "पुणं पाण्यात आहे." राजापूर पाण्यात होतं. सुरत पाण्यात होती. हे सगळं त्यांनी सोसलं. पण रत्नागिरीही पाण्यात आहे हे एके दिवशी एका गिऱ्हाइकाला सांगावं लागलं, आणि ते त्यांच्या फार मनाला लागलं. त्याच संध्याकाळी त्यांनी एक लांबरुंद वही आणली आणि रत्नागिरीचा भाग स्वतःच्या हाताने लिहायला घेतला.

त्या वहीवरून त्यांना रकानेबुवा हे नाव पडलं. तारीख, वार, बोट किती वाजता लागली, आंब्याच्या किती पेट्या चढल्या, मुंबईत काय भाव आला. आंब्याच्या दिवसांत आठवड्याला तीन बोटी, आणि प्रत्येक बोटीला हे बंद गळ्याचा कोट घालून, छत्री उघडून मांडवीला हजर. पेट्या मोजायच्या त्या स्वतः. भाव दोन वर्तमानपत्रांतून आणि बागायतदारांच्या पट्ट्यांवरून, म्हणजे मुंबईचा दलाल विक्रीनंतर जो कागद पाठवतो त्यावरून. दोन ठिकाणांहून एकच भाव मिळाला तर शाईने लिहायचा. एकाच ठिकाणाहून मिळाला तर पेन्सिलीने, दुसरी साक्ष मिळेपर्यंत. गावाने हे लगेच उचललं. एखाद्या मुलीला स्थळ सांगून आलं तर बायका विचारत, "शाईतलं आहे की पेन्सिलीतलं?"

वहीतला शेवटचा रकाना कारणाचा. भाव का चढला, का पडला. गावाला सगळ्यांत जास्त उत्सुकता या रकान्याची, आणि त्यात पानंच्या पानं एकच मजकूर: माहीत नाही. माहीत नाही. माहीत नाही.

मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, त्या दिवशी वादळ झालं. माझ्या घराची कौलं उडाली, मी स्वतः वर चढून बसवली. लिहा की वादळ!"

"वादळ रत्नागिरीत झालं," ते म्हणाले. "भाव मुंबईत पडला."

"मग?"

"मधलं कुणी बघितलंय?"

मी घरी आलो आणि उगाच बायकोवर ओरडलो.

कपाटातलं पुस्तक हवं असेल तर चिठ्ठी भरावी लागे. काय हवं, कशासाठी हवं, मिळालं का, तारीख. मुंबईहून सुट्टीला आलेल्या अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी चिठ्ठीवर पुढची-मागची जागा भरून इंग्रजीत प्रश्न लिहिला. यांनी तो दोनदा वाचला आणि परत दिला. "कोणत्या सालचं हवंय ते राहिलंय." प्राध्यापक जरा विचारात पडले, आणि दुसऱ्या दिवशी चार शब्दांचा प्रश्न घेऊन आले. पुस्तक हातात देण्याआधी हे प्रत्येकाला चार गोष्टी बघायला लावत: साल कोणतं, छापलं कुणी, ते छापून त्याला काय मिळतं, आणि मग आकडा. लोक थेट आकड्यावर बोट ठेवत. हे ते बोट उचलून पहिल्या पानावर नेऊन ठेवत.

मत ते देत नसत. मिऱ्या गावच्या एकाने चिठ्ठीवर लिहिलं, "कोणता धंदा करावा?" त्यांनी चिठ्ठी परत केली. "हा प्रश्न नाही. ही काळजी आहे." तो म्हणाला, "निदान तुमचं मत तरी सांगा." तर म्हणाले, "मत ओट्याओट्यावर मिळतं. इथे पुस्तक मिळतं."

एक रीत मात्र उदार होती. ज्याला उत्तर सापडलं त्याने ते चिठ्ठीवर लिहायचं, आणि ती चिठ्ठी कपाटाशेजारी टांगलेल्या तारेत ओवायची. कुणीही यावं, वाचावं. एकाने शोधलेलं दुसऱ्याला पुन्हा शोधायला लागू नये, असं ते म्हणत. मला हे फार आवडायचं. अहवालात मी त्यावर एक परिच्छेद लिहिला होता.

आता अक्काचं सांगतो. अक्का माझी थोरली बहीण, खाडीपलीकडे गोळपला दिलेली. यजमान गेले आणि तिच्या वाट्याला हापूसची साठेक कलमं आली. मोहोर आला की ठेकेदार यायचा आणि झाडावरच सगळं पीक विकत घ्यायचा; देईल ते घ्यायचं. तिच्या मोठ्या दिरांचा बेत होता, की पुढल्या दहा वर्षांची बाग त्याच ठेकेदाराला लिहून द्यावी, म्हणजे कटकट गेली. अक्काने आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अडवलं. एक साल मला स्वतः पेट्या भरून मुंबईला पाठवू द्या, म्हणाली. नाही जमलं तर सांगाल तिथे सही करते.

आणि होडीतून भाट्याची खाडी ओलांडून ती माझ्या घरी आली, आणि तिथून सरळ वाचनालयात. आमच्या वाचनालयात त्याआधी बाईमाणूस आलं नव्हतं. नियमांत ते चालतं की नाही याचा उल्लेख नव्हता. रकानेबुवांनी नियम काढून बघितले, उल्लेख नाही याची खात्री केली आणि तिला खुर्ची दिली.

अक्काने चिठ्ठीवर लिहिलं, "माझे आंबे कधी पाठवू?"

"बाई, हा प्रश्न नाही. ही काळजी आहे."

"काळजी नसती तर भाट्याची खाडी ओलांडून कशाला आले असते?" अक्का म्हणाली. "ज्याला काळजी नाही तो प्रश्न विचारायला येतो कुठे?"

रकानेबुवा उठले, आणि आठ वर्षांच्या वह्या तिच्यासमोर आणून ठेवल्या.

सहा दिवस अक्का दुपारभर तिथे बसली. पदर खोचून, बोटाने एकेक ओळ धरून. सातव्या दिवशी तिने मला हाक मारली तेव्हा तिचा चेहरा असा फुलला होता, की मला लग्नाआधीची ती आठवली. तिला दिसलं होतं ते असं: अक्षय्यतृतीयेच्या आधी सगळे धावून धावून आंबा पाठवतात. सणानंतर भाव पडतो, लोक हिरमुसतात आणि आठ दिवस हात आखडून बसतात. त्यामुळे सणानंतरच्या तिसऱ्या बोटीला पेट्या थोड्या असतात आणि मुंबईचा बाजार रिकामा. आठही वर्षं तिसऱ्या बोटीला भाव चढलेला होता. शाईने.

"बघितलंस बाबू? कुणी सांगितलं नाही हो मला. माझं मी काढलं," ती म्हणाली.

रकानेबुवांनी तिचं बोट फिरलं होतं त्या सगळ्या ओळी पुन्हा तपासल्या आणि मान डोलावली. अक्काने चिठ्ठीवर लिहिलं, "मिळालं. अक्षय्यतृतीयेनंतरची तिसरी बोट." त्यांनी तारीख घातली आणि चिठ्ठी तारेत ओवली.

हो, ओवली! आणि मी तिथे उभा होतो. रीतच ती होती, त्यात वावगं काही आहे हे ना त्यांच्या डोक्यात आलं, ना माझ्या, ना अक्काच्या.

चैत्र संपेपर्यंत ती चिठ्ठी वाचायला मिऱ्यापासून पावसपर्यंतचे बागायतदार येऊन गेले. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना इतरांनी वाचून दाखवली. वाचनालयात एवढी माणसं मी कधी बघितली नव्हती, आणि अहवालासाठी मी खूश होऊन त्यांची नोंद ठेवत होतो. गाढव मी.

तिसऱ्या बोटीच्या दिवशी सकाळी मांडवीला गेलो तर बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत. धक्क्यावर पाय ठेवायला जागा नाही, नुसत्या पेट्या. पडाववाले आपसांत शिव्या देत होते. रकानेबुवा एका दगडावर छत्री उघडून उभे, हातात वही. शेजारी अक्काच्या बत्तीस पेट्या. प्रत्येक पेटीवर तिने काळ्या रंगाने स्वतः तुळशीचं पान काढलं होतं.

"किती झाल्या हो?" मी विचारलं.

"चढलेल्या, की धक्क्यावरच्या?"

"सगळ्या मिळून!"

"नेहमीच्या चौपट. भाट्याकडच्या गाड्या अजून यायच्यात."

अक्का पुढे आली. पहाटेपासून उभी होती, तोंड उन्हाने लाल झालेलं. तिने त्यांच्याकडे सरळ बघून विचारलं, "काय हो, पाठवू की नको?"

त्यांनी वहीकडे बघितलं. मग समुद्राकडे. त्यांनी तोंड उघडलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि मिटलं तेही.

"हे वहीत नाही," ते म्हणाले.

अक्का पडाववाल्याकडे वळून म्हणाली, "घे रे बाबा."

पुढचं काय सांगायचं? मुंबईत त्या दिवशी आंबा घ्यायला माणूस मिळेना. पट्टी आली. बोटीचं भाडं, हमाली, दलाली वजा जाता खाली जो आकडा होता तो वाचून अक्काने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला. नंतर ती स्वयंपाकघरात जाऊन तांदूळ निवडत बसली. मला तो माणूस समोर हवा होता. दोन शब्द, फक्त दोन शब्द बोलायचे होते त्याला! आठ वर्षं हा मनुष्य धक्क्यावर पेट्या मोजत होता. चौपट पेट्यांचं काय होणार हे त्याला कळत नव्हतं?

बागायतदार भडकले. आमचे अध्यक्ष वकील होते आणि निम्मे बागायतदार त्यांचे पक्षकार. बोट त्या दिवशी तासभर उशिरा आली होती. त्यांनी मंडळाची सभा बोलावली आणि म्हणाले, "वहीत कारण लिहा: बोट उशिरा. वहीवर गावाचा विश्वास आहे. बोटवाल्यांकडून भरपाई मागता येईल, आणि आपल्या वाचनालयावरचं बालंट जाईल."

"बोट उशिरा आली हे बोटीच्या रकान्यात लिहिलेलं आहे," रकानेबुवा म्हणाले.

"मग तेच कारणात उतरवा. बिघडलं कुठे?"

"बोट उशिरा येऊन भाव चढल्याचे सात दिवस वहीत आहेत." मग म्हणाले, "मला आठ दिवस द्या. चौकशी करून लिहितो."

आणि हे वेडं माणूस वैशाखाच्या उन्हात कोट घालून घरोघर निघालं. प्रत्येक दारात एकच प्रश्न: "तुम्ही त्या बोटीने का पाठवलंत?" लोकांनी काय काय ऐकवलं ते लिहीत नाही. मिऱ्याच्या एका म्हाताऱ्याने अंगणातून आवाज दिला, "त्या तारेत तुमीच टांगलं होतंव ना? आन आता मलाच इचारताव?" यांनी वाकून लिहिलं, "तारेतली चिठ्ठी," आणि सहीसाठी कागद पुढे केला. "सही कुठली करताव! ह्यो आंगठा घ्या आन जावा." त्यांनी अंगठा घेतला आणि गेले.

गोळपला त्यांना मीच घेऊन गेलो. मला बघायचं होतं, अक्काच्या तोंडाकडे बघून ते काय विचारतात. ओटीवर मोठे दीर बसले होते. शेजारी ठेकेदाराच्या कराराचा कागद आणि दौत. अक्काने आत सही करायला हात धुऊन ठेवले होते.

"बाई, तुम्ही त्या बोटीने का पाठवलंत?"

"मला वहीत दिसलं म्हणून," अक्का दाराआडून म्हणाली.

"आणि बाकीच्यांनी?"

"माझी चिठ्ठी वाचून."

ते दिरांकडे वळले. "आपण पाठवले होतेत?"

"मी कशाला पाठवतोय? माझं पहिल्यापासून मत होतं, की बायकांनी..."

"मत नको," रकानेबुवा म्हणाले. मग वही मिटून, उभं राहून म्हणाले, "यांनी वहीतून काढलं ते बरोबर होतं. आठही वर्षं मी पुन्हा तपासली आहेत. हिशेब यांचा चुकला नाही. चिठ्ठी तारेत ओवल्यामुळे भाव पडला. ओवली मी."

दीर कोर्टकचेऱ्यांतले मनुष्य. बोलण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "हे लेखी देता?"

"देतो."

आणि तिथेच, त्याच दौतीने, तारीख-वार घालून त्यांनी ते लिहून दिलं. दिरांनी कागद तीनदा वाचला. मग कराराचा कागद घडी करून बंडीच्या खिशात घातला आणि म्हणाले, "बरं. आणखी एक साल." आत भांडं पडल्याचा आवाज आला. अक्काच्या हातून पडलं असावं.

मंडळाच्या सभेत अध्यक्षांनी विचारलं, "झाली चौकशी? मग काय लिहिणार?"

"लिहून झालंय," ते म्हणाले. "शाईने."

त्यांना त्याच सभेत कामावरून कमी केलं. कपाटाला कुलूप घालायचं ठरलं, आणि घालायचं काम अर्थात चिटणिसाचं. ते राजापूरला भाचीकडे निघाले. सर्व्हिस मोटारीत चढताना त्यांनी मला किल्ली दिली आणि किल्ली मिळाल्याची पावती माझ्याकडून लिहून घेतली.

कुलूप घालायच्या आधी मी वही उघडली. कारणाच्या रकान्यात त्यांच्या सुबक अक्षरात होतं: "ही वही, व तिच्यावरून तारेत ओवलेली चिठ्ठी. चौकशी केलेली घरं एकेचाळीस." सगळ्या वह्यांत मिळून एवढं लांब कारण दुसरं नव्हतं. आणि त्याखाली पेन्सिलीत, बारीक: "धक्क्यावर मला अंदाज आला होता. विचारलं असता सांगितला नाही."

म्हणजे कळलं होतं! मी ती वही कोटाखाली घातली, कपाटाला कुलूप घातलं आणि तडक गोळपला गेलो. अक्कापुढे ते पान उघडून म्हटलं, "वाच. वाच, म्हणजे तुला कळेल मी काय म्हणत होतो."

तिने वाचलं. "हे पेन्सिलीत का?"

"एकच साक्ष असेल. त्यांची स्वतःची."

"दौत आण."

तिने टाक बुडवला आणि त्यांचं एकेक अक्षर शाईने गिरवलं. "दुसरी साक्ष माझी," म्हणाली. "तोंड उघडलं होतं त्यांनी. मी बघितलं." मला वाटलं, झालं. पण तिने टाक खाली ठेवला नाही. त्या ओळीखाली तिने लिहिलं, "मलाही आला होता."

मी ती ओळ वाचून तिच्याकडे बघितलं.

"असा काय बघतोस? मला डोळे नव्हते? चौपट पेट्या मला दिसत नव्हत्या?" अक्का म्हणाली. "माझ्या पहिल्या पेट्या होत्या रे त्या. परत आणायच्या तर मोठ्या दिरांच्या समोरून आणायला लागल्या असत्या. म्हणून मी त्यांना विचारलं. त्यांनी नको म्हणावं, आणि मग परत आणल्या तर तो दोष माझा नसावा. आता तूच सांग, हा प्रश्न होता की काळजी?"

मी पानावरची शाई टिपली आणि वही मिटली.

पावसाळा सरल्यावर वही घेऊन राजापूरला गेलो. ते भाचीच्या पडवीत बसून घरातल्या पंचांगाचं कोणतं पान फाटलं आहे याची यादी करत होते. मी पान उघडून समोर धरलं. त्यांनी अक्काने गिरवलेली ओळ वाचली, मग खालची वाचली.

"तारीख घातली नाही त्यांनी," ते म्हणाले. आणि चष्मा काढून बराच वेळ नुसते डोळे पुसत राहिले.

निघताना मी पायरी उतरलो तेव्हा मागून हाक आली. "चिटणीस!"

"काय?"

"बाईंना सांगा, येत्या साली पहिल्या बोटीने पाठवा."

मी पायरीवर परत चढलो. "हे कोणत्या वहीत आहे?"

"कुठल्याच नाही. माझं मत आहे." मग वहीकडे बोट करून घाईने म्हणाले, "पेन्सिलीत लिहा."

दुसऱ्या साली अक्काने पहिल्या बोटीने पाठवले. पट्टी आली. दिरांनी ती तीनदा वाचली आणि कराराचा घडी केलेला कागद चुलीत घालायला स्वतः आत गेले. मी राजापूरला भाव कळवला. उलट टपाली कार्ड आलं, त्यावर एकच ओळ: "दुसरी साक्ष?" मी वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलं, तेव्हा कुठे त्यांना पटलं.

वही अजून माझ्याकडेच आहे. कपाट कधी उघडलं नाही, पण वही मी चालवली. त्या पहिल्या बोटीचा भाव शाईने लिहून कारणाच्या रकान्यापाशी आलो, तर अक्का शेजारी उभी. "त्यांचं नाव लिही," म्हणाली.

पण भाव चढला तो मुंबईत. मधलं कुणी बघितलंय? मी शाईने लिहिलं: माहीत नाही.

अक्का रागाने आत गेली. मग मी पेन्सिल घेतली आणि त्याखाली त्यांचं नाव लिहिलं. खरं, पोस्टमनला न सापडलेलं. ते अजून पेन्सिलीतच आहे.